कुटुंब-पुनर्मीलन (स्थलांतरितांचे)

परदेशात नोकरी, व्यवसाय वा मजुरी करणाऱ्या व्यक्तीच्या पाठोपाठ तिचा वैवाहिक जोडीदार व मुले यांनी त्या देशात जाऊन एकत्र संसार करणे, यास कुटुंब-पुनर्मीलन म्हणतात. यातील कमावत्या व्यक्तीस प्रायोजक आणि तिच्या आधारे प्रवेश मिळणाऱ्यांस आश्रित अशा संज्ञा कायद्याच्या भाषेत रूढ आहेत. संपूर्ण कुटुंबाने एकाच वेळी देशांतर करणे आणि एकाने आधी जाऊन बस्तान बसविल्यावर इतरांना नेणे, असे या स्थलांतराचे दोन प्रकार पडतात. दुसऱ्या प्रकारात मध्यंतरीचा विरह काही महिन्यांचा असतो, तर कित्येकदा तो अनेक वर्षे टिकतो. या काळात एकाच कुटुंबाची दोन घरे दोन वेगळ्या रीतींनी चालतात. म्हणूनच पुनर्मीलन ही केवळ प्रवासाची वा परवान्याची बाब राहत नाही. तुटलेली घडी नव्या ठिकाणी पुन्हा बसविण्याचा तो प्रयत्न असतो. [⟶ स्थलांतर].

ऐतिहासिक पार्श्वभूमी : मजुरांची गरज असलेल्या देशांना मजुराचे श्रम हवे असतात, त्याचे कुटुंब हवेच असते असे नाही. आधुनिक स्थलांतराच्या इतिहासात ही विसंगती वारंवार आढळते. १८३४ पासून मॉरिशस व पुढे अन्य वसाहतींत गिरमिटिया मजूर म्हणून गेलेल्या भारतीयांत पुरुषांची संख्या फार मोठी होती. त्यातून उद्भवलेले सामाजिक प्रश्न पाहून एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात दर शंभर पुरुषांमागे चाळीस स्त्रिया पाठविण्याचा दंडक घालण्यात आला. तथापि हे प्रमाण भरून काढण्यासाठी एकट्या स्त्रियांची भरती होई. मजुराच्या स्वतःच्या कुटुंबास नेण्याची हमी त्यात नव्हती. ही भरती १९१७ मध्ये थांबविण्यात आली. अमेरिकेत १८८२ च्या चिनी बहिष्कार कायद्यामुळे व कॅनडात १९२३ च्या तशाच कायद्यामुळे तेथील चिनी वस्त्या दीर्घकाळ प्रामुख्याने पुरुषांच्याच राहिल्या. हे कायदे अनुक्रमे १९४३ व १९४७ मध्ये रद्द झाले.

भारतीयांच्या परदेशातील चळवळींशी या प्रश्नाचा निकटचा संबंध आहे. मोहनदास करमचंद गांधी १८९६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून काही महिन्यांसाठी स्वदेशी आले आणि कस्तुरबा, हरिलाल व मणिलाल हे दोन पुत्र व एक भाचा यांना घेऊन परत निघाले. मुंबई इलाख्यातील प्लेगच्या साथीमुळे त्यांचे जहाज डिसेंबर १८९६ मध्ये दरबान बंदरातच अडवून ठेवण्यात आले. कुटुंबास किनाऱ्यावर पाऊल ठेवता आले ते १३ जानेवारी १८९७ रोजी. नव्या देशात सुसंस्कृत दिसावे म्हणून पत्नीस व मुलांस पारशी धाटणीचा पोशाख, बूट-मोजे व काट्याचमच्याने जेवण्याची सवय कशी लावली आणि मुलांच्या शिक्षणाची अडचण कशी उभी राहिली, याचे वर्णन गांधींनी आपल्या आत्मकथेत केले आहे. परदेशी जाणाऱ्या कुटुंबापुढील पोशाख, आहार व शाळा हे प्रश्न त्यात प्रथमपासूनच दिसून येतात.

पुढे १४ मार्च १९१३ रोजी केप प्रांताच्या न्यायालयात न्यायमूर्ती सर्ल यांनी दिलेल्या निर्णयामुळे, बहुपत्नीकत्वास मुभा देणाऱ्या धर्माच्या विधीने झालेले विवाह प्रवेशाच्या संदर्भात अमान्य ठरले. त्यामुळे हिंदू व मुसलमान स्त्रियांचा पत्नी म्हणून असलेला हक्क धोक्यात आला. त्या वर्षीच्या सत्याग्रहात कस्तुरबांसह अनेक स्त्रियांनी तुरुंगवास पतकरला, त्याचे हे एक महत्त्वाचे कारण होते. १९१४ च्या भारतीय साहाय्य अधिनियमाने हा प्रश्न बव्हंशी मिटला. कॅनडात १९०८ च्या आदेशान्वये मायदेशाहून सलग प्रवास करून येणाऱ्यांनाच प्रवेश मिळे आणि भारताहून तसा प्रवास अशक्यप्राय असल्याने तेथे स्थायिक झालेल्या शिखांच्या बायकामुलांची वाट बंद झाली. १९१८ च्या साम्राज्य युद्ध परिषदेतील ठरावानंतर १९१९ मध्ये पत्नी व अल्पवयीन मुले यांना कॅनडाने तत्त्वतः प्रवेश मान्य केला.

दुसऱ्या महायुद्धोत्तर काळात पश्चिम यूरोपीय राष्ट्रांनी पुनर्रचनेसाठी परदेशी कामगार बोलाविले. पश्चिम जर्मनीने ३० ऑक्टोबर १९६१ रोजी तुर्कस्तानशी केलेल्या करारात कामगाराने दोन वर्षांनी परत जावे अशी अपेक्षा होती. १९६४ मध्ये ही अट शिथिल झाली. २३ नोव्हेंबर १९७३ रोजी जर्मनीने नवी भरती थांबविली. एकदा परत गेल्यास पुन्हा येता येणार नाही, हे ओळखून अनेक कामगारांनी कायमचे राहण्याचे ठरवून बायकामुलांना बोलावून घेतले. १९७५ पासून परदेशी राहणाऱ्या मुलांसाठीचा बालभत्ता जर्मनीत राहणाऱ्या मुलांच्या भत्त्यापेक्षा कमी ठेवण्यात आला, त्यामुळेही मुले आणण्यास उत्तेजन मिळाले. अशा रीतीने स्थलांतर थांबविण्यासाठी योजलेला उपाय कुटुंबांच्या स्थलांतरास कारणीभूत ठरला. ब्रिटनमध्येही १९६२ च्या राष्ट्रकुल आप्रवासी अधिनियमानंतर हेच घडले.

स्वित्झर्लंडमधील हंगामी कामगारांची स्थिती अधिक कठीण होती. वर्षातून जास्तीत जास्त नऊ महिन्यांचा परवाना मिळणाऱ्या या कामगारांना कुटुंब आणण्यास मनाई होती. काहींनी मुलांना गुपचूप आणले आणि शेजाऱ्यांना वा पोलिसांना सुगावा लागू नये म्हणून दिवसभर घरात कोंडून ठेवले. या मुलांना खिडकीशी जाण्याची, मोठ्याने बोलण्याची वा शाळेत जाण्याची मुभा नसे. ‘कपाटातली मुले’ या नावाने ती पुढे ओळखली जाऊ लागली. हंगामी परवान्याची ही पद्धत २००२ मध्ये संपुष्टात आली.

आंतरराष्ट्रीय संकेत : कुटुंब हा समाजाचा नैसर्गिक व मूलभूत घटक असून त्यास समाजाचे व राज्याचे संरक्षण मिळावे, असे तत्त्व १९४८ च्या मानवी हक्कांच्या जागतिक जाहीरनाम्याच्या सोळाव्या कलमात आहे. यूरोपीय मानवी हक्क कराराच्या (१९५०) आठव्या कलमाने कौटुंबिक जीवनाचा आदर राखण्याचा हक्क मान्य केला. बालहक्कांच्या संहितेच्या (१९८९) दहाव्या कलमानुसार, आईवडिलांशी पुन्हा एकत्र येण्यासाठी मुलाने वा पालकाने केलेला अर्ज राज्याने अनुकूलतेने, माणुसकीने व त्वरेने हाताळला पाहिजे. भारताने ही संहिता १९९२ मध्ये स्वीकारली. स्थलांतरित कामगार व त्यांचे कुटुंबीय यांच्या हक्कांविषयीचा संयुक्त राष्ट्रांचा करार १९९० मध्ये संमत होऊन १ जुलै २००३ पासून अंमलात आला. त्याचे चव्वेचाळिसावे कलम पुनर्मीलनास साहाय्य करण्याविषयी, तर पंचेचाळिसावे कलम मुलांच्या शिक्षणाविषयी आहे. तथापि या करारास मान्यता देणाऱ्यांत प्रामुख्याने मजूर पाठविणारी राष्ट्रे आहेत. मजूर घेणाऱ्या श्रीमंत राष्ट्रांनी तो स्वीकारलेला नाही. भारतानेही त्यास अनुसमर्थन दिलेले नाही.

यूरोपीय संघाच्या २००३ च्या निर्देशाने कायदेशीर रहिवाशास जोडीदार व अल्पवयीन मुले आणण्याचा हक्क दिला. मात्र पुरेसे उत्पन्न, योग्य निवास व आजारपणाचा विमा यांची अट घालण्याची मुभा सदस्य-राष्ट्रांना ठेवली. एकंदरीत आंतरराष्ट्रीय कायद्याने कुटुंबाच्या एकत्र राहण्याचे तत्त्व मान्य केले असले, तरी कोणास आपल्या सीमेत येऊ द्यावयाचे हे ठरविण्याचा अधिकार राज्यांनी स्वतःकडेच ठेवला आहे. या दोन तत्त्वांतील ताणातूनच प्रवेशाचे नियम घडत आले आहेत.

प्रवेशाच्या अटी : निरनिराळ्या देशांच्या नियमांत तपशिलाचे भेद असले, तरी त्यांत चार प्रमुख कसोट्या आढळतात.

(१) उत्पन्न : प्रायोजकाची मिळकत कुटुंबाच्या निर्वाहास पुरेशी असावी, ही अट जवळजवळ सर्वत्र आहे. ब्रिटनमध्ये जोडीदारास आणण्यासाठी किमान वार्षिक उत्पन्नाची मर्यादा २०१२ मध्ये १८,६०० पौंड ठरविण्यात आली व एप्रिल २०२४ मध्ये ती २९,००० पौंडांपर्यंत वाढविण्यात आली. संयुक्त अरब अमिरातीत पूर्वी विशिष्ट हुद्द्याच्या लोकांनाच कुटुंब आणता येई. २०१९ मध्ये ही पद्धत बदलून दरमहा ४,००० दिरहम, किंवा ३,००० दिरहम व निवासस्थान, अशी उत्पन्नाची कसोटी लावण्यात आली. सौदी अरेबियाने जुलै २०१७ पासून प्रत्येक आश्रितामागे दरमहा १०० रियाल शुल्क बसविले. ते दर वर्षी वाढत जाऊन २०२० मध्ये ४०० रियाल झाले. पत्नी व तीन मुले असलेल्या माणसास त्यामुळे केवळ शुल्कापोटी दरमहा १,६०० रियाल भरावे लागू लागले आणि अनेकांनी कुटुंबास मायदेशी परत पाठविले. अशा कसोट्यांमुळे पुनर्मीलनाचा हक्क व्यवहारात मिळकतीच्या प्रमाणात वाटला जातो. आखाती देशांत बांधकामावर राबणारा मजूर वर्षानुवर्षे एकटा राहतो, तर त्याच देशातील अभियंता कुटुंबासह राहतो.

(२) व्यवसाय व परवान्याचा प्रकार : काही देशांत कुशल कामगारांस कुटुंब आणता येते, इतरांस नाही. ब्रिटनने जानेवारी २०२४ पासून संशोधनपर अभ्यासक्रम वगळता इतर बहुसंख्य परदेशी विद्यार्थ्यांना आणि ११ मार्च २०२४ पासून नव्याने येणाऱ्या शुश्रूषा-सेवकांना आश्रित आणण्यास मनाई केली. यांतील दुसऱ्या नियमाचा परिणाम असा, की वृद्धांची व आजाऱ्यांची सेवा करण्यासाठी येणाऱ्या स्त्रीस स्वतःची मुले मात्र दुसऱ्याच्या हाती सोपवून यावे लागले.

(३) मुलाचे वय : बालकाची व्याख्या देशोदेशी भिन्न आहे. अमेरिकेत अविवाहित व २१ वर्षांखालील व्यक्ती मूल मानली जाते. कॅनडाने आश्रित मुलाची वयोमर्यादा २०१४ मध्ये २२ वरून १९ वर आणली व ऑक्टोबर २०१७ मध्ये ती पुन्हा २२ केली. संयुक्त अरब अमिरातीत २०२२ पासून अविवाहित मुलास पंचविसाव्या वर्षापर्यंत पालकाच्या आधाराने राहता येते. पूर्वी ही मर्यादा सामान्यतः अठरा वर्षांची होती. वयाची ही रेषा भारतीयांच्या बाबतीत अमेरिकेत विशेष जाचक ठरली आहे. तेथे कायम निवासाच्या परवान्यांपैकी कोणत्याही एका देशात जन्मलेल्यांना एकूण संख्येच्या सात टक्क्यांहून अधिक परवाने सामान्यतः मिळत नाहीत. भारतीय अर्जदारांची रांग त्यामुळे अनेक वर्षांची झाली आहे. बालपणी आईवडिलांबरोबर आलेले मूल रांगेत असतानाच २१ वर्षांचे होते आणि त्याचे आश्रितत्व संपते. २००२ च्या बालस्थिती संरक्षण कायद्याने वय मोजण्याच्या पद्धतीत काही सवलत दिली असली, तरी प्रश्न पूर्णतः सुटलेला नाही. ज्या देशात शालेय शिक्षण झाले, त्याच देशात विद्यार्थी म्हणून नव्याने परवाना मिळविणे किंवा जवळजवळ अपरिचित अशा जन्मभूमीस परतणे, एवढेच पर्याय अशा तरुणांपुढे उरतात.

(४) नाते व भाषा यांचा पुरावा : नाते सिद्ध करण्याचा भार अर्जदारावर असतो. ब्रिटनमध्ये १९६९ नंतर आश्रितांस मायदेशातच प्रवेशपत्र मिळविणे सक्तीचे झाले. जन्मनोंद नसलेल्या ग्रामीण कुटुंबांतील आई व मुले यांच्या वेगवेगळ्या मुलाखती घेऊन घर, गुरेढोरे व नातलग यांच्याविषयीच्या उत्तरांतील तफावतीवरून अर्ज फेटाळले जात. मुलांचे वय ठरविण्यासाठी क्ष-किरण तपासणी करण्यात येई. १९७९ मध्ये एका भारतीय स्त्रीची लंडनच्या विमानतळावर कौमार्य-तपासणी करण्यात आल्याचे उघडकीस आल्यावर मोठा क्षोभ उसळला व ती प्रथा बंद झाली. ॲलेक जेफ्रिज यांनी १९८४ मध्ये शोधलेल्या डीएनए-ठसे पद्धतीचा पहिला व्यावहारिक उपयोग १९८५ मध्ये अशाच एका प्रकरणात, घानाहून परतलेला मुलगा आपल्या आईचाच आहे हे सिद्ध करण्यासाठी झाला. पूर्वी नाकारलेल्या अनेक बांगलादेशी मुलांचे नाते खरे असल्याचे या चाचणीने पुढे दिसून आले. पण तोवर त्यांपैकी कित्येकांचे बालपण सरले होते. अलीकडच्या काळात काही देशांनी भाषेची कसोटीही आणली आहे. नेदर्लंड्सने २००६ पासून व जर्मनीने २००७ पासून अनेक देशांतील जोडीदारांस निघण्यापूर्वीच स्थानिक भाषेचे प्राथमिक ज्ञान सिद्ध करण्याची अट घातली.

कागदपत्रे : भारतातून जाणाऱ्या कुटुंबास विवाहाचा नोंदणी दाखला, प्रत्येक मुलाचा जन्मदाखला, पारपत्रे, शाळा सोडल्याचा दाखला व गुणपत्रके आणि लसीकरणाची नोंद ही कागदपत्रे लागतात. भारतात अल्पवयीन मुलास स्वतंत्र पारपत्र दिले जाते व त्याची मुदत पाच वर्षे किंवा वयाची अठरा वर्षे पूर्ण होईपर्यंत, यांपैकी जी आधी संपेल ती असते. जन्म व मृत्यू यांची नोंद १९६९ च्या केंद्रीय अधिनियमानुसार सक्तीची आहे. विवाहनोंदणीविषयी महाराष्ट्रात १९९८ चा स्वतंत्र अधिनियम असून, सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंद सक्तीने करावी असा आदेश सर्वोच्च न्यायालयानेही २००६ मध्ये दिला. सरकारी कागदपत्रे परदेशात ग्राह्य ठरण्यासाठी त्यांचे प्रमाणीकरण करावे लागते. १९६१ च्या हेग करारान्वये ‘अपोस्टिल’ नावाचे एकच प्रमाणपत्र सर्व सदस्य-राष्ट्रांत चालते. भारतात हा करार १४ जुलै २००५ पासून लागू झाला. ज्या देशांनी तो स्वीकारलेला नाही, त्यांच्या वकिलातीचे साक्षांकन स्वतंत्रपणे घ्यावे लागते.

मराठी नामपद्धतीमुळे काही विशेष अडचणी उद्भवतात. व्यक्तीचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव या क्रमात विवाहानंतर स्त्रीच्या नावापुढे पतीचे नाव व आडनाव येते. काही घराण्यांत तिचे स्वतःचे नावही बदलले जाते. परिणामी मुलाच्या जन्मदाखल्यावर आईचे एक नाव, तिच्या पदवीपत्रावर दुसरे व पारपत्रावर तिसरे, असे घडते आणि परकी अधिकाऱ्यास या तीन वेगळ्या व्यक्ती वाटतात. अशा वेळी राजपत्रातील नामबदलाची सूचना किंवा प्रतिज्ञापत्र जोडावे लागते. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या शासकीय कागदपत्रांत मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव व आडनाव असा क्रम महाराष्ट्र शासनाने अनिवार्य केला आहे. परदेशात जन्मलेल्या अपत्याची नोंद सामान्यतः एका वर्षाच्या आत भारतीय वकिलातीत करावी लागते; १९५५ च्या नागरिकत्व अधिनियमानुसार वंशाधारे मिळणाऱ्या नागरिकत्वासाठी ती आवश्यक आहे.

सहचराचे स्थान : कुटुंबाच्या स्थलांतरात एकाचा लाभ व दुसऱ्याची हानी एकाच वेळी संभवते. जेकब मिन्सर या अर्थशास्त्रज्ञाने १९७८ मध्ये या प्रश्नाचे विश्लेषण केले. कुटुंबाचा एकूण फायदा होत असल्यामुळे स्वतःचा तोटा सोसून बरोबर जाणाऱ्या व्यक्तीस त्याने ‘बद्ध स्थलांतरित’ म्हटले. व्यवहारात ही व्यक्ती बहुधा पत्नी असते. तिची पदवी नव्या देशात ग्राह्य नसते, वैद्यक, अध्यापन, वकिली यांसारख्या व्यवसायांस पुन्हा परवाना घ्यावा लागतो आणि कित्येक देशांत आश्रिताच्या परवान्यावर काम करण्यासच मनाई असते. अमेरिकेत एच-१बी परवानाधारकाच्या जोडीदारास एच-४ हा परवाना मिळतो. त्यावर नोकरी करण्याची मुभा पूर्वी नव्हती. मे २०१५ पासून, ज्यांच्या जोडीदाराचा कायम निवासाचा अर्ज विशिष्ट टप्प्यापर्यंत पोहोचला आहे त्यांनाच ती मिळू लागली. सिंगापूरने मे २०२१ पासून आश्रितांस काम करण्यासाठी बहुतांशी स्वतंत्र परवाना आवश्यक केला.

आर्थिक परावलंबनापेक्षा कायदेशीर परावलंबन अधिक गंभीर असते. आश्रिताचा निवासाचा हक्क प्रायोजकाच्या नोकरीवर व विवाहाच्या टिकण्यावर अवलंबून असतो. नोकरी गेली, मृत्यू ओढवला किंवा घटस्फोट झाला, तर तो हक्क संपुष्टात येतो. घरात छळ होत असूनही परवाना जाण्याच्या व मुले दुरावण्याच्या भीतीने स्त्रिया गप्प राहतात, ही गोष्ट ध्यानी घेऊन अमेरिका, ब्रिटन यांसारख्या काही देशांनी छळ झालेल्या जोडीदारांच्या विशिष्ट वर्गांसाठी स्वतंत्र निवासाची तरतूद केली आहे. मुलांच्या ताब्याचा प्रश्नही गुंतागुंतीचा होतो. बालकांच्या आंतरराष्ट्रीय अपहरणाविषयीच्या १९८० च्या हेग करारात भारत सामील झालेला नाही. त्यामुळे एका पालकाने दुसऱ्याच्या संमतीविना मूल भारतात आणल्यास त्याचा निर्णय भारतीय न्यायालये मुलाचे हित पाहून स्वतंत्रपणे करतात.

पत्नी कमावती व पती आश्रित, असेही पुष्कळदा घडते. आखाती देशांत, ब्रिटनमध्ये व आयर्लंडमध्ये गेलेल्या भारतीय परिचारिकांच्या कुटुंबांत हे चित्र विशेष आढळते. ब्रिटनमध्ये पूर्वी पुरुषास पत्नी आणणे सोपे व स्त्रीस पती आणणे अवघड होते. यूरोपीय मानवी हक्क न्यायालयाने १९८५ मध्ये हा लिंगभेद अवैध ठरविला. त्यावर ब्रिटिश शासनाने समानता आणली ती स्त्रियांची वाट सुकर करून नव्हे, तर पुरुषांनाही तेच कडक नियम लावून.

विरहकाळ व पुनर्मीलन : कमावता पुरुष परदेशी असताना मायदेशी राहिलेली पत्नी कुटुंबप्रमुखाची कामे करू लागते. बँकेचे व्यवहार, घरबांधणी, मुलांच्या शाळा, सासूसासऱ्यांचे औषधपाणी हे सर्व तिच्या हाती येते. आखातात गेलेल्या केरळीय पुरुषांच्या स्त्रियांचा लीला गुलाटी यांनी केलेला अभ्यास या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एकाकीपणा व जबाबदारी यांबरोबरच या स्त्रियांत आलेला आत्मविश्वासही त्यात दिसतो. अशी स्त्री परदेशी जाऊन आश्रित होते, तेव्हा तिचे हे स्थान एकाएकी नाहीसे होते. दुसरीकडे एकट्याने राहण्यास सरावलेल्या पतीसही संसाराची नव्याने सवय करावी लागते. तान्ह्या वयात ज्याचा पिता दूर गेला, ते मूल त्यास छायाचित्रावरून वा दूरध्वनीवरील आवाजावरून ओळखत असते. प्रत्यक्ष सहवासात त्यास तो परका वाटतो आणि आजीआजोबांपासून दुरावल्याचे दुःख अधिक तीव्र असते. अमेरिकेतील स्थलांतरित मुलांविषयीच्या कॅरोला सुआरेझ-ओरोझ्को व तिच्या सहकाऱ्यांच्या संशोधनात बहुसंख्य मुलांनी स्थलांतराच्या ओघात आई किंवा वडील यांचा विरह सोसल्याचे आढळले. पुनर्मीलनानंतरचा आरंभीचा काळ आनंदाबरोबर रागाचा व अबोल्याचाही असतो, त्याचे कारण यात आहे.

मुलांचे शिक्षण व भाषा : मुलाचे वय हा यातील निर्णायक घटक होय. शाळापूर्व वयातील मूल नवी भाषा सहज उचलते, परंतु मातृभाषा तितक्याच वेगाने विसरते. सहा ते अकरा या वयांत दोन्ही भाषा टिकण्याची शक्यता बरी असते. किशोरवयीन मुलापुढील अडचण सर्वांत मोठी असते. मित्रमंडळ तुटलेले असते, अभ्यासक्रम अवघड झालेला असतो व परीक्षा जवळ आलेल्या असतात. जिम कमिन्स या कॅनडास्थित भाषाशिक्षणतज्ज्ञाने दाखवून दिल्याप्रमाणे, नव्या भाषेत बोलण्याचालण्याइतके प्रावीण्य सुमारे दोन वर्षांत येते. मात्र अभ्यासाच्या विषयांसाठी लागणारे भाषाप्रभुत्व मिळविण्यास सामान्यतः पाच ते सात वर्षे लागतात. हा भेद न कळल्यामुळे अस्खलित बोलणारे मूल अभ्यासात मागे पडले, की ते आळशी वा मंद ठरविले जाते. घरात मराठी बोलल्याने मुलाची इंग्रजी बिघडते, हा समजही निराधार आहे. मातृभाषेत दृढ झालेल्या संकल्पना दुसऱ्या भाषेत नेणे सोपे असते.

शालेय वर्षाच्या कालगणनेचीही अडचण असते. भारतात वर्ष एप्रिल वा जूनमध्ये, इंग्लंड व अमेरिकेत ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, तर ऑस्ट्रेलियात जानेवारीच्या अखेरीस सुरू होते. इंग्लंड-अमेरिकेत इयत्ता बव्हंशी वयावरून ठरत असल्याने मूल मायदेशातील इयत्तेच्या पुढे वा मागे टाकले जाते. आखाती देशांत भारतीय केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाशी संलग्न अशा अनेक शाळा आहेत. तेथील वास्तव्य तात्पुरते असल्याने व परकीयांच्या मुलांस जन्माने नागरिकत्व मिळत नसल्याने, परतीची वाट मोकळी ठेवणाऱ्या या शाळा पालकांना सोयीच्या वाटतात.

मनोजीवन : अपरिचित संस्कृतीत गेल्यावर येणाऱ्या अस्वस्थतेस कालेर्वो ओबर्ग या मानवशास्त्रज्ञाने ‘सांस्कृतिक धक्का’ म्हटले व त्याच्या कौतुक, वैताग, सावरणे व रुळणे अशा अवस्था १९५० नंतरच्या दशकात वर्णिल्या. एका कुटुंबातील सर्वजण एकाच वेळी एकाच अवस्थेत नसतात. कमावती व्यक्ती रुळलेली असते, तेव्हा जोडीदार वैतागाच्या अवस्थेत असतो आणि परस्परांविषयी गैरसमज होतात. जॉन बेरी या मानसशास्त्रज्ञाने परसंस्कृतिग्रहणाच्या चार रीती सांगितल्या आहेत : दोन्ही संस्कृती जपणे, मूळ संस्कृती सोडून नवी स्वीकारणे, नवीपासून अलग राहणे व दोन्हींपासून तुटणे. यांपैकी पहिली रीत मानसिक स्वास्थ्यास सामान्यतः हितावह आढळते. मात्र ती केवळ कुटुंबाच्या इच्छेवर अवलंबून नसते. यजमान समाजाने स्वीकारण्याची तयारी दाखविल्याखेरीज ती साध्य होत नाही. रूथ युसीम व तिचा पती जॉन यांनी १९५० नंतरच्या दशकात भारतात राहणाऱ्या अमेरिकन कुटुंबांचा अभ्यास केला. त्यातून ‘तिसऱ्या संस्कृतीची मुले’ ही संज्ञा रूढ झाली. अशी मुले आईवडिलांच्या वा यजमान देशाच्या संस्कृतीत पूर्णतः सामावत नाहीत; आपल्यासारख्याच फिरत्या मुलांत त्यांना आपलेपणा वाटतो. अनेक भाषांचे व चालीरीतींचे ज्ञान हा त्यांचा लाभ, तर ‘गाव कोणते’ या साध्या प्रश्नास उत्तर नसणे ही त्यांची उणीव होय.

मराठी भाषिक व गोमंतकीय : मुंबई बंदरातून मॉरिशसला गेलेल्या कोकणातील मजुरांचे वंशज तेथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात व तेथील शाळांत मराठी शिकविली जाते. रत्नागिरी-रायगड परिसरातील कोकणी मुसलमान दक्षिण आफ्रिकेत व पुढे आखाती देशांत गेले. गोव्यातील खलाशी व कारकून पूर्व आफ्रिकेत व आखातात गेले. खलाशांची कुटुंबे मात्र बहुधा गोव्यातच राहत आणि येताजाता उतरण्यासाठी मुंबईत गावोगावचे ‘कूड’ असत. पोर्तुगीज नागरिकत्वाच्या आधारे अलीकडे अनेक गोमंतकीय कुटुंबे इंग्लंडमध्ये स्विंडन येथे स्थायिक झाली. अमेरिकेतील १९६५ च्या कायद्यानंतर डॉक्टर व अभियंते आणि १९९० नंतर संगणकतज्ज्ञ यांच्याबरोबर महाराष्ट्रातील कुटुंबे मोठ्या संख्येने तेथे गेली. लंडनचे महाराष्ट्र मंडळ १९३२ मध्ये, तर उत्तर अमेरिकेतील बृहन्महाराष्ट्र मंडळ १९८१ मध्ये स्थापन झाले. गणेशोत्सव व नाट्यप्रयोग यांबरोबरच रविवारच्या मराठी शाळा चालविणे हे अशा मंडळांचे महत्त्वाचे कार्य आहे. नव्याने आलेल्या कुटुंबास घर, शाळा व दवाखाना यांची पहिली माहिती बहुधा येथूनच मिळते.

परतणे : पुनर्मीलन नेहमीच कायमचे असते असे नाही. नोकरी संपणे, वृद्ध आईवडिलांची काळजी, मुलांचे उच्च शिक्षण किंवा राजकीय अस्थैर्य यांमुळे कुटुंबे परततात. ऑगस्ट १९९० मध्ये इराकने कुवेत व्यापल्यावर सु. १ लाख ७० हजार भारतीयांना मायदेशी आणावे लागले. त्यांत मोठ्या संख्येने कुटुंबे होती व अनेकांची आयुष्याची बचत तेथेच राहिली. कोव्हिड-१९ च्या साथीत २०२० मध्येही आखातातून कुटुंबांचा मोठा ओघ परतला. परदेशात वाढलेल्या मुलास भारतात येणे हे परतणे वाटत नाही. त्याच्या दृष्टीने ते नवे स्थलांतरच असते. देवनागरी वाचनाचा सराव नसणे, वेगळी परीक्षापद्धती, उष्मा व गर्दी, नातलगांच्या अपेक्षा यांच्याशी त्यास जुळवून घ्यावे लागते. परकीय नागरिकत्व घेतलेल्या मुलांचे भारतीय नागरिकत्व संपुष्टात येत असल्याने, भारतीय मूळ असलेल्यांसाठी २००५-०६ पासून परदेशस्थ भारतीय नागरिक अशी नोंदणी सुरू झाली आहे. तीमुळे दीर्घकाळ राहण्याची सोय होते. मतदानाचा हक्क व शेतजमीन खरेदीचा अधिकार मात्र मिळत नाही.

स्थलांतराचे हिशेब सामान्यतः पाठविलेल्या पैशांवरून व रिकाम्या जागांच्या संख्येवरून मांडले जातात. कुटुंब-पुनर्मीलनाचा इतिहास त्यात न मोजल्या जाणाऱ्या खर्चाकडे लक्ष वेधतो. परवान्यास लागणारा काळ प्रौढांच्या दृष्टीने केवळ विलंब असतो. मुलाच्या दृष्टीने तो बालपणाचा भाग असतो व तो पुन्हा मिळत नाही. बालहक्कांच्या संहितेत अशा अर्जांच्या बाबतीत त्वरेवर भर दिला आहे तो याच कारणासाठी.